स्वादुपिंडनलिकेतल्या गाठी: अहवालात ‘सौम्य’ लिहिण्याआधी

स्वादुपिंडाच्या नलिकांशी नातं असलेल्या नेहमीच्या गाठींपैकी निःशंकपणे सौम्य म्हणावी अशी गाठ एकच, सीरस सिस्टॅडेनोमा (पाण्यासारख्या द्रवाच्या पोकळ्यांची गाठ). आयपीएमएन (इंट्राडक्टल पॅपिलरी म्युसिनस निओप्लाझम) आणि एमसीएन (म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम) या दोन गाठी कॅन्सरच्या वाटेवर उभ्या असलेल्या. एका स्लाइडवर अगदी निरुपद्रवी दिसतात, आणि त्याच भिंतीत दोन सेंटीमीटर पलीकडे हाय-ग्रेड (कॅन्सरच्या अगदी आधीचे) बदल किंवा उतीत शिरलेला कॅन्सर निघतो. त्यामुळे या गाठींचं निदान करताना दिसतंय त्याला नाव देऊन काम संपत नाही. जे दिसलं नाही ते खरोखर नाही, हेही तुमच्या सहीखाली जातं. ही खात्री बरीचशी ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना डोळ्यांनी पाहून कापण्याच्या, टेबलावरच मिळते किंवा तिथेच हातची जाते, म्हणून सुरुवात तिथून.

नमुना हातात येताना

सर्जनशी आधी बोलून ठेवा: सिस्टच्या, म्हणजे पुटीच्या, आतलं पाणी तपासायला हवं असेल तर ते फॉर्मालिनमध्ये टाकण्याआधी काढावं लागतं. एकदा फॉर्मालिन लागलं की सीईए, अमायलेज, ग्लुकोज यांच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. मिलिलिटरभर पाणी मिळालं तरी पुरतं. त्याहून कमी असेल तर सीईएला प्राधान्य द्या. सीईए मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर सिस्ट म्युसिनस (बुळबुळीत म्युसिन बनवणारी) असण्याकडे कल जातो; ५ च्या खाली असेल तर सीरस गाठ किंवा स्यूडोसिस्ट (अस्तर नसलेली खोटी पुटी). अमायलेज लिटरला २५० युनिटच्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास बाद होते. ग्लुकोज डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असणं म्युसिनस बाजूला झुकतं. मात्र सीईए कितीही वर गेला तरी गाठ सौम्य आहे की कॅन्सर, हे तो सांगत नाही. अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांचा इथे वारंवार गैरसमज होतो.

तालुक्याच्या गावातून शहरातल्या लॅबला नमुना जाणार असेल तर रुंद तोंडाची बरणी वापरा. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेलं स्वादुपिंड फॉर्मालिनमध्ये कडक होतं, मग बाटली कापून बाहेर काढावं लागतं आणि नलिकेची दिशा कळेनाशी होते. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, नमुन्याच्या किमान दहापट. स्वादुपिंड स्वतःच्याच एन्झाइम्सनी झपाट्यानं खराब होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीत दोन तास तसंच पडून राहिलं तर नलिकेचं अस्तर सुटून जातं, आणि ज्या अस्तरावर सगळं निदान अवलंबून तेच स्लाइडवर नसतं.

कापण्याची पद्धत

आधी पृष्ठभाग कागदानं टिपून कोरडा करा, मगच शाई लावा. व्हिपल नमुन्यात (स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात एकत्र काढलेली) स्वादुपिंडाच्या मानेकडची कापलेली बाजू, शिरेची खोबण, अनसिनेट म्हणजे धमनीकडची बाजू, पुढचा आणि मागचा पृष्ठभाग यांना वेगवेगळे रंग द्या. शाईवर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा हलका हात फिरवला की रंग धरून राहतो आणि सिस्टच्या आत ओघळत नाही. ओघळलेली शाई पुढे खरी मार्जिन (कापल्याची कड) समजली जाते, हा धोका लहान नाही.

आता बोथट प्रोब (बारीक सळई) अँपुलातून, म्हणजे नलिका ड्युओडेनममध्ये उघडतात त्या तोंडातून, पित्तनलिकेत, दुसरा मुख्य स्वादुपिंडनलिकेत घाला आणि दोन्ही प्रोबच्या पातळीत लांब पात्याच्या सुरीनं एका दमात कापा. आयपीएमएनचा संशय असेल तेव्हा हा छेद सगळ्यांत उपयोगाचा, कारण सिस्ट नलिकेला जोडलेली आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं. प्रोब अडला तर रेटू नका; खोटी वाट तयार होते आणि नसलेला जोड दिसू लागतो. त्याऐवजी ३ ते ५ मिलिमीटरच्या आडव्या चकत्या करा आणि प्रत्येक चकतीत नलिका कुठे रुंदावते ते पाहत जा.

म्युसिन खरवडू नका. सलाइनच्या हलक्या धारेनं निघेल तेवढं निघू द्या. अस्तरावर बोट फिरवण्याची सवय असेल तर ती मोडा, कारण बोटाखाली गेलेले पॅपिला (अस्तराचे बोटांसारखे उंचवटे) परत येत नाहीत.

आयपीएमएन आणि एमसीएन पूर्ण ब्लॉकमध्ये (पॅराफिनच्या ठोकळ्यांत) टाका, शक्य असेल तेव्हा अख्खी गाठ. पाच सेंटीमीटरच्या सिस्टला पंचवीस-तीस ब्लॉक लागले तर त्यात नवल नाही. लॅबवर ताण येतो हे खरं, पण अर्धी गाठ बरणीत ठेवून ‘कॅन्सर नाही’ लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. सगळं टाकणं खरोखर अशक्य असेल तर जाड झालेली भिंत, गाठी, दाणेदार किंवा मखमली भाग आणि सिस्टभोवतीचा घट्ट पांढरा भाग हे आधी घ्या, आणि किती भाग टाकला ते अहवालात लिहा. सीरस गाठ मधाच्या पोळ्यासारखी दिसत असेल तर प्रत्येक सेंटीमीटरला एक ब्लॉक पुरतो.

भिंतीचे तुकडे पॅराफिनमध्ये काठावर उभे बसवा. तुकडा आडवा पडला तर छेद तिरका जातो, एका थराच्या पेशी तीन-चार थरांच्या वाटतात आणि लो-ग्रेड (कमी बदल झालेल्या) गाठीला फुकट हाय-ग्रेडचा शिक्का बसतो. कोणती बाजू वर ठेवायची हे तंत्रज्ञाला चिठ्ठीवर लिहून द्या. छेद ३ ते ४ मायक्रॉनचे.

सूक्ष्मदर्शकाच्या चार एक्सवर (सर्वांत कमी मोठेपणावर) विचारायचे प्रश्न

अस्तर आहे का? असेल तर पेशी म्युसिन बनवतात का? अस्तराखालची उती कशी आहे? पोकळी नलिकेला जोडलेली आहे का? हे चार प्रश्न सोडवल्याशिवाय चाळीस एक्सवर जाऊ नका. अस्तर कुठेच नाही, भिंत ग्रॅन्युलेशन उतीची (जखम भरताना येणाऱ्या उतीची), आत रक्त आणि मृत चरबी, तर स्यूडोसिस्ट. पण एमसीएनचंही अस्तर मोठ्या भागात गळून गेलेलं असतं, म्हणून दोन ब्लॉक पाहून स्यूडोसिस्ट म्हणणं हा या विषयातला सर्वांत महाग पडणारा उतावीळपणा आहे.

सीरस सिस्टॅडेनोमा

ही एकदा नीट पाहिली की विसरत नाही. छोट्या-छोट्या पोकळ्या, एकच थर, चपट्या किंवा घनाकार पेशी, पाण्यासारखा स्वच्छ सायटोप्लाझम. केंद्रक गोल, गडद, कडा गुळगुळीत, सगळे एकाच मापाचे, जणू एकाच पेन्सिलीनं टिंब ठेवत गेलेले. अस्तराला अगदी चिकटून केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मध्यभागी चांदणीसारखा तंतुमय व्रण असला तर उत्तमच, नसला तरी निदान अडत नाही. पीएएस रंग पेशीला चढतो आणि डायस्टेस एन्झाइम वापरल्यावर जातो, कारण पेशीत ग्लायकोजेन आहे, म्युसिन नाही.

अडचण येते घट्ट, पोकळ्या नसलेल्या प्रकारात. तेव्हा मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कॅन्सरची पसरण आणि न्यूरोएंडोक्राइन गाठ दोन्ही डोळ्यांसमोर येतात. रुग्णाचं मूत्रपिंड पूर्वी काढलंय का, हे विचारा. प्रथिनं शोधणाऱ्या रंगांपैकी इनहिबिन आणि मक-६ सीरस गाठीत लागतात (पेशींना रंग चढतो), न्यूरोएंडोक्राइन पेशी दाखवणारं सिनॅप्टोफायसिन बहुधा लागत नाही. कार्बॉनिक अनहायड्रेज-९ इथे मदत करत नाही, कारण तो मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये आणि सीरस गाठीत, दोन्हीकडे लागतो. पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या किंवा गाठ शेजारच्या उतीत घुसल्यासारखी वाटली म्हणून कॅन्सर लिहू नका. सीरस सिस्टॅडेनोकार्सिनोमा अत्यंत विरळा आहे आणि दूरवर पसरल्याचा पुरावा असेल तरच ते नाव देतात.

एमसीएन: अस्तराखाली पाहा

रुग्ण जवळपास नेहमी स्त्री, बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीतली. गाठ स्वादुपिंडाच्या शरीर किंवा शेपटीकडच्या भागात, जाड आवरणाची, नलिकेशी न जोडलेली. निदान मात्र एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे ओव्हरियन स्ट्रोमा, अंडाशयातल्यासारखी आधार-उती. उंच म्युसिनस पेशींच्या लगेच खाली लांबट, नागमोडी केंद्रकांच्या पेशींचा दाट, निळसर पट्टा दिसतो. त्यात क्वचित फिकट, फुगीर ल्युटिन पेशींचे पुंजके. वय वाढलेल्या स्त्रीत हा पट्टा विरळ होतो, काचेसारखा गुलाबी होतो, आणि एखाद्या ब्लॉकमध्ये दोन मिलिमीटरपुरताच शिल्लक असतो. तो शोधायचा असतो. सापडला नाही तर आणखी ब्लॉक, आणि त्यासोबत ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर), इनहिबिन हे रंग.

सापळा इथे आहे: इनहिबिन एमसीएनमध्ये स्ट्रोमात लागतो आणि सीरस गाठीत अस्तरात. ‘इनहिबिन पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेला अहवाल म्हणूनच निरुपयोगी. कोणत्या पेशीत रंग आला, ते सांगा.

आयपीएमएन

या गाठीचं पहिलं वर्णन जपानमधून १९८२ मध्ये आलं. नलिकेच्या आतच वाढणारी, म्युसिन बनवणारी, डोळ्यांना दिसेल एवढी गाठ. माप महत्त्वाचं आहे. एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर आयपीएमएन. अर्ध्या सेंटीमीटरच्या आतली पॅनिन (नलिकेच्या अस्तरातला सूक्ष्म बदल). मधल्या पट्ट्यात पॅपिला उंच असतील, अस्तर इंटेस्टायनल (आतड्यासारखं) किंवा ऑन्कोसायटिक (गुलाबी, दाणेदार पेशींचं) असेल, किंवा जीएनएएस जनुकात बदल सापडला, तर ‘सुरुवातीचा आयपीएमएन’ म्हणता येतो. एक सेंटीमीटरच्या वर पण अस्तर सपाट, गॅस्ट्रिक (जठरासारख्या) धाटणीचं, पॅपिला नाहीत, ओव्हरियन स्ट्रोमा नाही: अशा पुटीला साधी म्युसिनस सिस्ट म्हणतात.

मुख्य नलिका, फांदीनलिका की दोन्ही, हे ग्रॉसवर ठरवायचं आणि रेडिओलॉजीच्या चित्रांशी जुळवायचं. नलिका रुंदावली म्हणजे आयपीएमएन झाला असंही नाही. दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, पूर्वापार आढळणाऱ्या ट्रॉपिकल कॅल्सिफिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिसमध्येही मुख्य नलिका चांगलीच रुंद होते. पण आत खडे असतात, अस्तर दबलेलं किंवा गळालेलं असतं आणि भोवती दाट तंतू. पॅपिला नाहीत. त्याचप्रमाणे पुढे कुठे अडथळा असेल तर मागची नलिका फुगून रिटेन्शन सिस्ट होते. अस्तर एका थराचं, साधं. तिथे सिस्टपेक्षा अडथळा कशाचा आहे हे शोधणं जास्त मोलाचं, कारण तो कॅन्सर असू शकतो.

आता प्रकार. गॅस्ट्रिक प्रकार सर्वांत जास्त आढळतो, बहुधा फांदीनलिकेत. जाडसर बोटांसारखे पॅपिला, जठराच्या अस्तरासारख्या पेशी, तळाशी पायलोरिक ग्रंथींसारखे पुंजके. मक-५एसी लागतो, मक-२ फक्त विखुरलेल्या गॉब्लेट (म्युसिननं भरलेल्या, पेल्यासारख्या) पेशींत. हा बहुतेकदा लो-ग्रेड असतो. इंटेस्टायनल प्रकार मुख्य नलिकेत रमतो: लांब, केसाळ पॅपिला, सिगारसारखी लांबट केंद्रकं, मोठ्या आतड्यातल्या व्हिलस अ‍ॅडेनोमाची आठवण करून देणारा, मक-२ आणि सीडीएक्स-२ दोन्ही लागतात. यातून निघणारा कॅन्सर सहसा कोलॉइड (म्युसिनच्या तळ्यांच्या) जातीचा. पॅन्क्रिअ‍ॅटोबिलिअरी प्रकारात पॅपिला बारीक, फांद्यांवर फांद्या, केंद्रकं गोल, न्यूक्लिओलस ठळक, मक-१ लागतो. हा जवळपास नेहमी हाय-ग्रेड आणि त्याच्या शेजारचा कॅन्सर नेहमीच्या ट्युब्युलर धाटणीचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात दोन गाठी आयपीएमएनपासून स्वतंत्र ठेवल्या आहेत. आयओपीएनमध्ये (इंट्राडक्टल ऑन्कोसायटिक पॅपिलरी निओप्लाझम) पेशी गुलाबी, दाणेदार, न्यूक्लिओलस मोठा, अस्तरातच छोट्या पोकळ्या, हेपपार-१ लागतो. आयटीपीएनमध्ये (इंट्राडक्टल ट्युब्युलोपॅपिलरी निओप्लाझम) म्युसिन जवळपास नाही, नलिकेच्या आत पाठीला पाठ लागलेल्या ट्युब्यूल्स (बारीक नळ्या), मधे नेक्रोसिस (मृत पेशी), मक-५एसी निगेटिव्ह. दोन्ही हाय-ग्रेड मानतात, त्यामुळे यांना सौम्यांच्या रांगेत बसवू नका.

ग्रेड दोनच

पूर्वीची तीन पायऱ्यांची पद्धत सोडून दिली आहे. ‘मध्यम’ म्हणून ज्या गाठी लिहिल्या जात, त्या आता लो-ग्रेडमध्ये येतात. लो-ग्रेडमध्ये केंद्रकं थोडी मोठी, थोडी दाटीनं रचलेली असतील, पण तळाशी राहतात आणि पेशीची वरची-खालची दिशा टिकून असते. हाय-ग्रेडमध्ये ही दिशा हरवते: केंद्रकं वरच्या कडेपर्यंत चढतात, आकार-मापात फरक पडतो, वरच्या थरातही मायटोसिस (पेशीविभाजन) दिसते, पॅपिलांची टोकं तुटून पोकळीत तरंगतात, चाळणीसारखी रचना होते, नेक्रोसिस येतं.

संशय आला तर शेजारचं, निःसंशय लो-ग्रेड अस्तर शोधून नजर दोन्हीकडे फिरवा. खऱ्या हाय-ग्रेडची हद्द बऱ्याचदा अचानक सुरू होते. दाह असलेल्या नलिकेत, स्टेंट बसवलेल्या रुग्णात बदल हळूहळू चढतो, आणि अस्तरात न्यूट्रोफिल (दाहातल्या पांढऱ्या पेशी) असतात. तिथे एक पायरी खाली राहणं शहाणपणाचं. अहवालात सापडलेली सर्वांत वरची ग्रेड द्यायची, सरासरी नाही.

शिरकाव (कॅन्सर उतीत शिरला) आहे की नाही

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. ग्रंथी नलिकेबाहेर दिसली म्हणजे शिरकाव नव्हे. आयपीएमएनचं अस्तर फांदीनलिकांत आणि लोब्यूलमध्ये (स्वादुपिंडाच्या लहान खंडांत) पसरतं. कमी मोठेपणावर लोब्यूलची गोल, गुच्छासारखी ठेवण टिकून असेल तर ते पसरणंच आहे. तिरक्या छेदानं सुटी वाटणारी ग्रंथी पुढच्या दोन-तीन लेव्हलमध्ये (त्याच ब्लॉकच्या खोल छेदांत) नलिकेला जाऊन मिळते, म्हणून लेव्हल कापून घ्या.

शिरकावाच्या बाजूनं बोलणाऱ्या खुणा: मांसल भिंतीच्या धमनीला चिकटलेली एकटी ग्रंथी, मधे अ‍ॅसिनी नाहीत, चरबीत उघडी पडलेली ग्रंथी, अर्धवट, फाटक्या पोकळीची ग्रंथी, एकाच ग्रंथीत सर्वांत मोठं केंद्रक सर्वांत लहानाच्या चौपटीहून मोठं, मज्जातंतूभोवतीची ग्रंथी. शेवटच्या खुणेत मात्र सावध राहा. आक्रसलेल्या स्वादुपिंडात लँगरहान्सची बेटं (इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) एकमेकांजवळ सरकतात आणि मज्जातंतूलाही बिलगतात. सिनॅप्टोफायसिन लावलं की शंका मिटते.

म्युसिन उतीत सांडलं तर काय? सिस्ट फुटून बाहेर आलेल्या म्युसिनच्या तळ्यात पेशी नसतात, भोवती मॅक्रोफेज आणि दाह असतो. कोलॉइड कॅन्सरमध्ये तळ्यात पेशींचे पुंजके, पट्टे तरंगतात, तळ्याची कड अर्धवट अस्तरलेली असते. रिकामं तळं दिसलं तर तो ब्लॉक पूर्ण कापून पाहा.

उलटाही धोका आहे. नेहमीचा डक्टल कॅन्सर कधीकधी मोठ्या, फुगीर, शांत दिसणाऱ्या ग्रंथींचा असतो आणि सौम्य सिस्टसारखा भासतो. कडा वेड्यावाकड्या, पोकळीत न्यूट्रोफिल आणि कचरा, ग्रंथी ड्युओडेनमच्या स्नायूत: असं दिसलं की ‘सिस्ट’ हा शब्द बाजूला ठेवा. शिरकाव सापडलाच तर फक्त शिरलेल्या भागाचं माप द्या, सगळ्या गाठीचं नाही. अर्धा सेंटीमीटर किंवा कमी म्हणजे कॅन्सरच्या टप्प्यांतला टी१ए, त्याच्यावर पण एकच्या आत टी१बी, एक ते दोन टी१सी.

नलिकेच्या कुटुंबातल्या नसूनही पुटीचं सोंग घेणाऱ्या काही गाठी: तरुण मुलीतली रक्ताळलेली गाठ ही सॉलिड स्यूडोपॅपिलरी असू शकते, बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातो. लिम्फोएपिथेलियल सिस्टमध्ये केराटिन आणि दाट लिम्फोसाइट्स, रुग्ण बहुधा पुरुष, आणि तिच्या पाण्यात सीईए वर असू शकतो. सिस्टसारखी न्यूरोएंडोक्राइन गाठही विसरू नका. आपल्याकडे क्षयही स्वादुपिंडात पुटीसारखा येतो. ग्रॅन्युलोमा (दाहपेशींचे गोळे) दिसले तर क्षयाचे जंतू दाखवणारा झील-नील्सन रंग लावा.

सुईनं घेतलेला नमुना

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या सुईवर घोटाळा होतो तो वाटेतल्या अस्तराचा. डोक्याकडच्या गाठीला सुई ड्युओडेनममधून जाते, शरीर-शेपटीच्या गाठीला जठरातून. कोणत्या वाटेनं गेली हे विनंतीपत्रावर लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. ड्युओडेनमचा पत्रा ओळखणं सोपं: पेशींच्या कडेला ब्रश बॉर्डर, मधूनमधून गॉब्लेट पेशी, आणि पांढऱ्या वलयातले लिम्फोसाइट्सचे काळे ठिपके. जठराच्या पेशी आणि लो-ग्रेड गॅस्ट्रिक आयपीएमएन यांच्यात फक्त आकारावरून फरक करता येत नाही, हे मान्य करावं. तिथे स्लाइडभर पसरलेलं, जाड, तडे गेलेलं म्युसिन आणि पाण्यातला सीईए जास्त बोलतात.

हाय-ग्रेड पेशी सायटोलॉजीत (सुट्या पेशींच्या तपासणीत) उलट छोटी असते, ड्युओडेनमच्या पेशीपेक्षा म्हणजे सुमारे १२ मायक्रॉनपेक्षा लहान, केंद्रकानं जवळजवळ भरलेली, क्रोमॅटिन अनियमित, पार्श्वभूमीवर नेक्रोसिस. शेजारची सुमारे ७ मायक्रॉनची लाल रक्तपेशी मापाला घ्या. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सायटोलॉजी पद्धतीत म्युसिनस सिस्टसाठी लो-ग्रेड आणि हाय-ग्रेड असे वेगळे वर्ग आहेत. तेच शब्द वापरा. लो-ग्रेड आलं तरी सुई गाठीच्या एका कोपऱ्यात गेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रोझन सेक्शन

शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासायची ती स्वादुपिंडाच्या मानेकडच्या मार्जिनची २ ते ३ मिलिमीटरची पूर्ण चकती, खऱ्या मार्जिनची बाजू कोणती हे ठरवून. लो-ग्रेड असेल तर सर्जनला पुढे कापायला सांगू नका. हाय-ग्रेड किंवा शिरकाव असेल तर सांगा. अस्तर गळालेलं असेल तर ‘निगेटिव्ह’ म्हणू नका. आणखी खोल छेद घ्या, तरीही नसेल तर ‘अस्तर नाही, निष्कर्ष देता येत नाही’ असं फोनवर स्पष्ट शब्दांत सांगा. आणि एक मार्जिन स्वच्छ आली म्हणून उरलेलं स्वादुपिंड स्वच्छ असतं असं नाही. आयपीएमएन एकाच वेळी अनेक ठिकाणी असू शकतो, म्हणून रुग्णाची पुढची तपासणी थांबत नाही.

अहवालात काय असावं

गाठीचं नाव, जागा, सर्वांत मोठं माप, मुख्य नलिका की फांदी, अस्तराचा प्रकार, सर्वांत वरची ग्रेड, शिरकाव आहे की नाही, गाठ पूर्ण तपासली की किती भाग, मार्जिनवर काय, सोबतच्या स्वादुपिंडात पॅनिन असल्यास त्याची ग्रेड. ‘बॉर्डरलाइन’, ‘कार्सिनोमा इन सिटू’, ‘मॅलिग्नंट आयपीएमएन’, ‘किंचित शिरकाव’ हे शब्द वगळा. प्रत्येक डॉक्टर त्यांचा वेगळा अर्थ घेतो. नुसतं ‘सौम्य म्युसिनस सिस्ट’ तर नकोच. त्याऐवजी असं लिहा: ‘फांदीनलिकेतला आयपीएमएन, गॅस्ट्रिक प्रकार, लो-ग्रेड, २.८ सेंटीमीटर, गाठ १६ ब्लॉकमध्ये पूर्ण तपासली, शिरकाव आढळला नाही, मानेची मार्जिन मोकळी.’